एकाहत्तरावी ओढ

अमरावतीला आमच्या व्यायामशाळेतली धनुष्यं नत्थुजी सुतार सांभाळायचे. दिवसभर लोकांच्या खिडक्या-दारांची कामं, आणि संध्याकाळी आमच्याकडे. मेळघाटातून बांबू ते स्वतः निवडून आणत आणि वर्षभर सावलीत वाळवत. बाण हातात घेतला की दोन टोकं टेकवून मधोमध अंगठ्यानं दाबून बघायचे. जास्त वाकला तर बाजूला, मुळीच वाकला नाही तरी बाजूला. बोलणं कमी. माझी मोठी बहीण सिंधू तिथली सगळ्यांत चांगली तिरंदाज होती, आणि तिला ते धनुष्य हातात देत तेव्हा जपून, पाण्यानं भरलेली घागर द्यावी तसं.

१९५९ सालच्या जानेवारीत अकोल्याला आमचे खेळ ठरले. त्याच्या महिनाभर आधी मुंबईच्या एका शेठजींनी व्यायामशाळेला पोलादी धनुष्य भेट दिलं. परदेशी, आतून पोकळ, वरून निळसर रंगाचं. व्यायामशाळेचे चालक बापूसाहेब यांनी सांगून टाकलं की अकोल्यात सिंधू हेच वापरेल, शेठजी स्वतः बघायला येणार आहेत.

नत्थुजींनी कुरकुर केली नाही. लाकडी चौकटीवर पतंगाचा कागद ताणून त्यांनी तो सहा पावलांवर उभा केला आणि सिंधूला त्यातून बाण सोडायला लावला. कागद बोटभर आडवा फाटला. म्हणजे बाण सरळ न जाता वळवळत गेला होता. जुने बाण या धनुष्याला लवचीक पडत होते. त्यांनी जाड बाण केले, दोरीवर बाण बसवायची खूण दोऱ्यानं गुंडाळून खालीवर करून पाहिली. दहाव्या दिवशी कागदाला बाणाएवढं गोल भोक आणि पिसांच्या तीन बारीक चिरा, एवढंच उमटलं. सिंधू खूश झाली.

नत्थुजी मात्र धनुष्याची खालची बाजू कानाशी धरून बसले. पूर्ण ओढलं की आत कुठंतरी टक् होतं, असं ते म्हणाले. बापूसाहेबांनी स्वतः दोनदा ओढून पाहिलं. त्यांना काही ऐकू आलं नाही.

बडनेऱ्याहून गाडीनं आम्ही अकोल्याला पोचलो. कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात मैदान आखलं होतं, पाठीमागे बाण अडवायला रुईच्या गाठी रचल्या होत्या. मल्लखांब, लेझीम, दांडपट्टा आणि शेवटी सिंधूचा खेळ. या खेळात माझं काम होतं. काठीच्या टोकावर लहानसा भोपळा बसवून ती काठी मी हात लांब करून धरायची, आणि पंधरा पावलांवरून सिंधूनं तो भोपळा उडवायचा. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. वर्षभरात आठ वेळा हा खेळ झाला होता आणि मला कधी भीती वाटली नव्हती.

लेझीम सुरू असताना तंबूत नत्थुजी बापूसाहेबांसमोर उभे राहिले.

"मले हे शंभर डाव पुरं ओढून पाहू द्या. मंगच ताईच्या हाती देईन."

बापूसाहेब चिडले. ही काय वेळ आहे का, असं म्हणाले. मग जरा थांबून, बांबूची कदर कमी होईल म्हणून तुमचा जीव खालीवर होतोय, असंही बोलून गेले. नत्थुजींचा चेहरा उतरला, पण धनुष्य त्यांनी सोडलं नाही. शेवटी सिंधूच म्हणाली, "ओढू द्या त्यांना. तोवर मी उभी आहे."

त्यांनी आम्हाला तंबूच्या दुसऱ्या टोकाला जायला लावलं आणि ओढायला सुरुवात केली. बाण नसताना दोरी एकदम सोडायची नाही, ओढायची आणि सावकाश परत न्यायची. मी मोजत होते. चाळिसाच्या सुमारास त्यांचा सदरा पाठीला चिकटला. साठाला ते पाय रोवून पुन्हा उभे राहिले. बाहेर दांडपट्टा सुरू झाला होता आणि बापूसाहेब कनातीपाशी येरझाऱ्या घालत होते.

एकाहत्तराव्या ओढीला धनुष्य तुटलं. कापड फाटावं तसा आवाज झाला, खालचा तुकडा मागची कनात फोडून बाहेर गेला आणि वरचा नत्थुजींच्या डाव्या मनगटावर बसला. ते खाली बसले. हात भलत्याच कोनात लोंबत होता. तुटलेल्या पोलादाच्या पोकळीतून तांबडा गंज त्यांच्या धोतरावर सांडला होता.

बापूसाहेबांनी खेळ रद्द, एवढंच म्हटलं. डॉक्टरांना बोलवायला कुणीतरी धावलं.

"थांबा," नत्थुजी म्हणाले. "बांबूचं आनलं हाये मी. त्या पोत्यात."

सिंधूनं पोतं उघडलं, बापूसाहेबांनी तिला अडवलं नाही. कुणी सांगितलं नसताना नत्थुजींनी सिंधूचं जुनं धनुष्य आणलं होतं. पण महिनाभर ते दोरी उतरवून ठेवलेलं, आणि जाड बाण त्याला चालणारे नव्हते. जुने चारच बाण पोत्यात होते. नत्थुजी कनातीच्या खांबाला टेकून सांगत होते आणि सिंधू करत होती. दोरी चढवली. दोरी आणि धनुष्याची मूठ यांच्यात हाताची वळलेली मूठ अन् वर उभा अंगठा एवढी जागा हवी होती, ती कमी भरली. तिनं दोरी उतरवून आणखी पीळ दिला. बाण तिनं दोन टोकांशी धरले आणि नत्थुजींनी उजव्या अंगठ्यानं दाबून पाहिले. एक जास्त वाकत होता, एकाचं पीस सुटलं होतं. उरले दोन.

कागदाची चौकटही त्यांनी सोबत आणली होती. पहिला बाण तिच्यातून गेला तेव्हा कागद वरच्या बाजूला फाटला. "दोऱ्याची खून गव्हाभर खाली घ्या," नत्थुजी म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. सिंधूनं दातांनी दोरा तोडला, पुन्हा गुंडाळला. दुसऱ्या बाणानं गोल भोक पाडलं. तिनं दोन्ही बाण आणखी एकदा सोडून पाहिले. तसंच.

मग नत्थुजींनी मला जवळ बोलावलं. "रमाताई, उभं नसन राहाचं तं आताच सांगा. तुमाले कोनी काई म्हननार नाही."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटत होती. मी सिंधूच्या हातांकडे पाहिलं. ते स्थिर होते. मी उभी राहते म्हणाले.

मैदानात पहिल्या रांगेत शेठजींच्या शेजारी आमचे वडील चिंतामण वकील बसले होते, त्यांना आतलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला हात केला. मी काठी धरली. सिंधूनं ओढलं, आणि धरून राहिली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग तिनं न सोडताच दोरी परत नेली. लोकांत कुजबुज झाली. माझा खांदा दुखू लागला होता, काठी हलत होती. मी दुसऱ्या हातानं कोपर धरलं. तिनं पुन्हा ओढलं. यावेळी मी डोळे मिटले, जे कधीच केलं नव्हतं.

काठीला झटका बसला. भोपळ्याची कड उडाली होती आणि बाण मागच्या गाठीत पिसांपर्यंत रुतला होता. टाळ्या वाजत होत्या, पण माझा हात खाली येईना. सिंधूनं येऊन बोटं एकेक करून सोडवली.

नत्थुजींचं मनगट अकोल्यात बसवलं, पण वाकडंच जुळलं. रंधा पुन्हा धरता आला नाही. त्यांच्या बायकोला, गोदाबाईंना, हे समजावायला बापूसाहेब स्वतः त्यांच्या घरी गेले. त्यानंतर काठी जमिनीत रोवायची, माणसाच्या हातात द्यायची नाही, असा नियम त्यांनीच केला. नत्थुजी सांगायचे आणि सिंधू तासायची, अशी पुढे सहा-सात वर्षांत त्या दोघांनी अकरा धनुष्यं केली. सदुसष्ट साली नत्थुजी गेले.

त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, तुटणार हे तुम्हाला नक्की ठाऊक होतं का.

"नाही," ते म्हणाले. "आवाज येऊन राहिला होता, इतकंच. साठाच्या पुढं गेलो तवा वाटलं, आता सोडून द्यावं, मानसं हासतीन. मनात आलं होतं तसं."

मग ते सिंधूनं आणलेल्या नव्या बाणांकडे वळले आणि उजव्या अंगठ्यानं एकेक दाबून पाहू लागले.