न आलेला चेंडू

कोल्हापुरात मुलींचा फुटबॉल सामना बघत होतो. मध्यंतरात आमच्या संघाच्या व्यवस्थापकांनी लॅपटॉप उघडून प्रशिक्षक सुलभाताईंपुढं धरला. "बचावातली वैशाली बघा. सगळ्यात कमी वेळा चेंडू हिच्याच पायाला लागलाय. हिला बसवा."

ताई म्हणाल्या, "साहेब, ती तिथं उभी आहे म्हणून चेंडू तिकडं येत नाही. ते कुठं लिहिलंय ह्यात?"

वैशाली खेळत राहिली. मीही मग चेंडू सोडून तिच्याकडंच बघू लागलो. समोरची मुलगी मुसंडी मारत यायची, मान वर करायची, वैशाली दोन पावलं सरकून वाटेत उभी दिसायची, आणि ती मुलगी मुकाट्यानं चेंडू मागं द्यायची. घडलं काहीच नाही, म्हणून नोंदही नाही. घराघरांतही कुणीतरी नुसतं उभं असतं म्हणून केवढं काय काय टळतं! आकडे खोटे नसतील. पण टळलेलं त्यांना दिसत नाही, आणि जे त्यांना दिसत नाही ते नव्हतंच, हे मी मुळीच मानणार नाही.

सामना आम्ही हरलो. गोल वैशाली नव्हती त्या बाजूनं झाला होता, तरी व्यवस्थापक लॅपटॉप घेऊन पुन्हा आले. "म्हटलं होतं ना मी?"

ताईंनी पुढच्या सामन्याचा कागद मागवला आणि त्यांच्यादेखत, कर्णधाराच्या रकान्यात, ठसठशीत अक्षरांत वैशालीचं नाव लिहिलं.