पाटाच्या दाराशी

मी राहते त्या ग्योतोकुच्या कालव्यावर ओहोटीला खारट चिखलाचा वास येतो. काल तो आला आणि सेंदाईजवळची एक लहान नदी आठवली.

त्सुनामीनंतरचा दुसरा वसंत होता. लाटेने नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा बांध नेला होता, जमीन खचली होती आणि भरतीचं पाणी भातखाचरांपर्यंत चढत होतं. माझा नवरा अनिरुद्ध विद्यापीठातर्फे त्या पाण्याचा खारेपणा मोजायचा. मी बातमीसाठी सोबत गेले होते.

सत्तरीच्या शेतकरी एंदो-सान पाटाच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांची रोपं लावणीला आली होती. नदीचं पाणी गोडं निघालं, तरच दार उघडता येणार होतं.

अनिरुद्धने मीटर बुडवला. "अजून खारं आहे. यंदा नको."

त्यांनी ओंजळभर पाणी चाखलं. "मला तर गोडं लागतंय. सेन्सेई, तुमच्या मशीनने कधी भात खाल्लाय का?"

तो हसला. "रोपांना आपल्या जिभेआधी कळतं."

"पुन्हा मोजा."

त्याने मोजलं. आकडा तोच आला.

"आणखी एकदा."

या वेळी तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ मीटर धरून राहिला. आकडा बदलला नाही. एंदो-साननी वाकून आभार मानले आणि त्या रोपांच्या शेडकडे चालू लागल्या.

बातमीत मी एकदाच मोजल्याचं लिहिलं. आकडा एकच होता, त्यामुळे बाकीचं मला पुनरावृत्ती वाटलं. आज लिहिताना मी तिन्ही वेळा लिहिल्या असत्या.