जाताना बंद, येताना चालू

आमची मोटार कामाला निघाली की वाटेत एकदा तरी बंद पडायची, आणि घराकडे तोंड केलं की भरधाव सुटायची. वडूजच्या बाजारात हा चेष्टेचा विषय झाला होता. आमच्या शेजारचा मेंढरं राखणारा म्हातारा मला भर चौकात म्हणाला, "बैलाचीच जात हाय रं हिची. गोठ्याची वढ लय." सगळे हसले आणि मला राग आला. मला राग लवकर येतो. तेव्हा तर फारच लवकर यायचा, कारण लढाईची सगळी वर्षं मी पलटणीत ट्रक दुरुस्त करण्यात घालवली होती. वाळूत रुतलेले, गोळ्यांनी चाळण झालेले ट्रक मी चालते करून दिले होते. आणि आता माझ्याच दारची गाडी तालुक्यात माझं हसं करत होती.

ती मला औंधात सापडली होती. एका मोठ्या घरच्या गोठ्यात म्हशींच्या शेजारी ती कित्येक वर्षं उभी होती, आणि मागच्या गादीवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. मालक म्हणाले, "घेऊन जा बाबा, गोठा तरी मोकळा होईल." बैल जुंपून ती गावात आणली तेव्हा लोकांना वाटलं, फौजेत ह्याच्या डोक्याला काहीतरी लागलं. मी तिचा खिळा न् खिळा सुटा केला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, फळ्या बाभळीच्या घातल्या, टपाला तंबूचं कापड शिवून घेतलं. पुढच्या काचेच्या बाहेर, बॉनेटला लागूनच, तिची पेट्रोलची टाकी होती आणि टाकीचं पितळी झाकण बरोबर मधोमध. ते झाकण मी घासून असं लखलखीत केलं होतं की त्यात तोंड बघून दाढी करावी. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी मी गाव गोळा केला, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

पण ही हौस नव्हती. आमच्याकडच्या कोरड्या रानावर घर चालत नाही, म्हणून माणसं मुंबई गाठतात. माझा चुलतभाऊ तिथेच होता, आणि त्याने माझ्यासाठी एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हरची जागा बघून ठेवली होती. मला जायचं नव्हतं. मोटार भाड्याने चालली तर मी गावात राहणार, नाही चालली तर मुंबई, असा सरळ हिशोब होता. आमच्या मालकिणीला, म्हणजे बायकोला, हे सगळं ठाऊक होतं. लढाईची वर्षं तिने एकटीने रेटली होती आणि त्यावर ती कधी अवाक्षर बोलली नव्हती. मुंबईचा विषय निघाला की ती उठून चुलीपाशी जायची. मला वाटायचं, हिला त्याचं फारसं काही नसावं.

गाडी भाड्याला निघाली की मात्र ती पदर खोचून पुढे यायची. त्या काळी बायका कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कुंकू, म्हणजे घामाने ते ओघळत नाही. गाडीलाही तिने तसंच केलं. काचेपुढचं ते पितळी झाकण म्हणजे गाडीचं कपाळ, असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. वाऱ्याने उडू नये म्हणून बोटाने चांगलं दाबून मेण, वर कुंकू, मग औंधाच्या यमाईकडे तोंड करून हात जोडायचे आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचं. मला त्यात वावगं वाटलं नाही. पलटणीत आम्हीही ट्रकपुढे नारळ फोडत होतो.

मग मी हँडल मारायचो, गाडी ऐटीत निघायची, आणि दोन-तीन गावं मागे टाकली की एक आचका, दुसरा आचका, की बंद. भाड्याने बसलेले पाहुणे खाली उतरायचे. मी बॉनेट उघडायचो आणि फौजेत शिकलेल्या सगळ्या भाषांतल्या शिव्या मोठ्याने म्हणायचो. मग टाकीचं झाकण काढून काडीने पेट्रोल बघायचो. पेट्रोल असायचंच. हाताला कुंकू लागायचं, म्हणून पेट्रोलच्या फडक्याने झाकण आणि हात लख्ख पुसायचो आणि पुढच्या तपासाला लागायचो. प्लग काढून घास, कार्बोरेटरमध्ये फुंकर मार, मॅग्नेटोच्या वायरी हलव. त्यानंतर हँडल मारलं की गाडी सुरू! आणि दिवस मावळेपर्यंत हूं की चूं करायची नाही.

खरी गोम हीच होती. प्लग घासल्यावर सुरू झाली, तर मी म्हणायचो, प्लगच होते. पुढच्या खेपेला प्लग कोरे करकरीत असताना बंद पडायची आणि फुंकर मारल्यावर सुरू व्हायची, तर मग कार्बोरेटर. त्याच्या पुढच्या खेपेला मी पेट्रोलवर घसरलो. रेशनचं पेट्रोल, त्यात कुणी रॉकेल मिसळत असेल, म्हणून ते धोतराच्या चौपदरी घडीतून गाळून घेतलं. गाडीला त्याचं काहीच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा कारभार चालला होता. आणि नुसतीच बघायला म्हणून मी एकट्याने गाडी काढली, तर वडूजच्या पलीकडे लांबवर जाऊन यायची, हवं तर परत जायची. लोकांसमोर मात्र नाक कापायची.

शेवटी साताऱ्याला नेली. लांबचा पल्ला म्हणून मालकिणीने मेण-कुंकू लावलंच. माझ्याच पलटणीतला एक दोस्त तिथे मोटारी दुरुस्त करायचा. जाताना ती रहिमतपूरच्या अलीकडे रीतसर बंद पडली, रीतसर सुरू झाली, आणि दोस्ताच्या दारात गेल्यावर अशी शहाण्यासारखी चालू राहिली की काय सांगू. वैद्याच्या दारात गेलं की ताप उतरतो तसं. दोस्ताने दिवसभर कान लावून इंजिन ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाला, "गाडीला कायबी झाल्यालं न्हाई, गड्या. तुलाच काय तरी झालंय." त्या चहाचा मला अजून राग आहे.

त्याच सुमारास सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. त्याला गावोगाव हळद बघत हिंडायला कायमची मोटार हवी होती, तीही मोटारवाल्यासकट. अट एकच. ठरल्या दिवशी सकाळी गावातून निघून दुपारच्या आत त्याच्या पेढीपुढे गाडी उभी दिसली पाहिजे. आधीच्या मोटारवाल्याने त्याला फार वेळा वाटेत उतरवलं होतं. मी चुलतभावाला कळवलं, की हे जमलं तर राहतो, नाही तर सांगलीहून परत येतो आणि वळकटी बांधतो.

त्या दिवशी सकाळी मालकिणीने मेण-कुंकू लावलं, पण ती बाजूला झाली नाही. डोक्यावरचा पदर नीट करून सरळ गाडीत येऊन बसली.

"हे काय?"

"मला सांगली बघायची हाय."

तिने आजवर कधी कुठे जायचं नाव काढलं नव्हतं. मी हँडल मारलं. निघालो. हवा छान होती, रस्ता मोकळा होता, ती एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने दार धरून बसली होती आणि मायणीपर्यंत मला वाटायला लागलं होतं की आज जमलं. मायणी मागे पडली आणि आचका आला. मग दुसरा. मग गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली गप्प उभी राहिली.

माझ्या तोंडाशी सगळी फौज आली होती. पण शेजारी बायको. तिच्यासमोर मी त्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या, म्हणून दात आवळून मुकाट खाली उतरलो. कुठे माणूस नाही, पाखरू नाही. सवयीने टाकीचं झाकण फिरवलं, आणि ते सैल होताच आतून आवाज आला. सूं. कुणी लांब श्वास ओढून घ्यावा तसा.

"आवं, ही दमली व्हय?" ती म्हणाली.

मी तसाच उभा राहिलो. इतक्या वेळा ते झाकण उघडलं होतं, पण दर वेळी माझ्याच तोंडाचा पट्टा चालू, भोवती पाहुण्यांचा कलकलाट. तो आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता. टाकी हवा ओढत होती. पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी वरून हवा आत जावी लागते, आणि त्यासाठी झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते भोक मी स्वतः साफ केलं होतं. झाकण तोंडाला लावून फुंकलं, तर गाल फुगले, पण हवा पार जाईना. टोपीत खोचलेली सुई काढली आणि मधोमध टोचली, तर मेणाचा लाल खडा टपकन हातावर पडला.

मी आधी हसलो. मग एवढा संताप आला की कानशिलं तापली. दर खेपेला ती भोक बुजवत होती आणि दर खेपेला माझं पेट्रोलचं फडकं ते मोकळं करत होतं. म्हणून जाताना बंद आणि येताना चालू! नुसती बघायला म्हणून काढली तर कुंकू नाही, म्हणून गाडी धडधाकट!

तो खडा मी तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजी मीच बंद पाडत हुते व्हय?"

"तूच की! आन् वर यमाईला सांगत हुतीस, गाडी चालू दे म्हनून. तिनं तरी काय करावं?"

"गाडीचं म्या कवा मागितलं?" ती एकदम म्हणाली. "गाडी चालंल न्हाई तर ऱ्हाईल. म्या म्हनत हुते, ह्यास्नी घरी ऱ्हाऊ दे. तुमी लढाईवर हुता तवापास्नं त्येच म्हनतीया. दुसरं कायबी मागितलं न्हाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही काही बोलत नाही म्हणजे हिला काही वाटत नाही. इंजिनाचा बारीकसा खडखडाट मी लांबून ओळखायचो, आणि घरात काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. मला तिथेच रस्त्यावर बसावंसं वाटलं. खरंच थोडा वेळ बसलोही. ती पण खाली उतरून शेजारी येऊन बसली. आम्ही काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. जे पत्रातून लिहिता आलं नव्हतं आणि परत आल्यावर बोलायचं राहून गेलं होतं, ते बोललो.

उठलो तेव्हा उन्हं चढली होती. मग मी ती मोटार अशी हाणली की विटा, तासगाव कधी मागे पडलं कळलं नाही. सांगलीत पेढीपुढे ब्रेक दाबला तेव्हा व्यापारी दारातच उभा होता, आणि दुपार नुकतीच कलत होती.

"उशीर झाला. वाटेत बंद पडली का हो?"

"पडली. पन आता पडायची न्हाई. दुखणं सापडलं," मी म्हणालो. "तेवढ्यानं उशीर झाला न्हवता. मालकिनीसंगं बोलत बसलो हुतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, गाडीत बसलेल्या तिच्याकडे बघितलं आणि आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. सोमवारपासून या, म्हणाला.

परत निघालो तशी मी पुन्हा गाडी सोडली वाऱ्यावर. सवयच ती. सांगली मागे पडल्यावर बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "म्हंजी मुंबईला न्हाई जायाचं न्हवं?"

"न्हाई."

"मग एवढी पळवताय कशाला?" ती म्हणाली. "सावकाश चला की."