उडत्या घोड्याचा नववा भाग

बाबांना अक्षर येत नव्हतं आणि मला धीर नव्हता, म्हणून आमचं जमायचं. पाचपावलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चित्रकथा भाड्याने देणारी एक टपरी होती. तिथली एक हिंदी मालिका आम्ही बापलेकींनी पहिल्या भागापासून धरली होती. एक राजपुत्र, त्याचा उडता घोडा आणि पाताळात दडून बसलेला जादूगार. दुपारी हातमागावरून उठले की बाबा हात पुसून बसायचे. रीत ठरलेली. आधी चित्र त्यांनी सांगायचं, मग त्यावरची अक्षरं मी वाचायची. विणकराला काठाची नक्षी कळते, तिथं चित्राची काय कथा, असा त्यांचा तोरा. आणि सांगायचेही असे की छापलेलं चित्र फिकं वाटावं.

आठव्या भागानंतर मालिका अडकली. टपरीवाला 'आज येते, उद्या येते' करत राहिला. वर्ष होत आलं तेव्हा कुठे नववा भाग आला. मी तो पळतच घरी आणला. वाटेत उघडला नाही. एकटीनं पाहिला असता तर बाबांनी माझ्याशी अबोला धरला असता.

ते भलते खुशीत होते. पुस्तक मांडीवर घेतलं, पान उलटलं, त्यावरून बोट फिरवलं.

"घोडा उडून राहिला," ते म्हणाले. "राजपुत्राच्या हातात तलवार हाय. खाली रान. वाच आता."

मी पाहिलं. घोडा मरून पडला होता. पानभर तोच होता, पंख जळालेले, आणि राजपुत्र त्याच्या मानेवर डोकं टेकून बसला होता.

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, "बाबा, नीट पाहा ना." त्यांनी पुस्तक दाराच्या उजेडाकडे धरलं, मग नाकाशी नेलं.

"उडूनच राहिला," ते म्हणाले. आवाज मात्र पडला होता.

मला आधी राग आला, रडू नंतर. हा माणूस रोज माग चालवत होता आणि साडीच्या काठात एक चूक सापडत नव्हती. आई कोपऱ्यात चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. मी तिच्याजवळ गेले तशी ती हळूच म्हणाली, "पोळ्यापासून असंच हाय. नक्षी हाताले पाठ हाय त्यायच्या. धागा तुटला का मी जोडून देते. तू बोलू नको वं."

बाबांचे कान शाबूत होते.

"घोडा मेला का?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मंग तसं वाच ना."

मी चित्रंही सांगितली आणि अक्षरंही वाचली. भाग फार सुंदर होता, साऱ्या मालिकेत उजवा. जादूगाराची फजिती झाली तिथे बाबा पोट धरून हसले. आई मान खाली घालून कांड्याच भरत बसली.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि उशीर झाला म्हणून सांगितलं. मग माग मोडून विकला. मागाखाली पाय सोडून बसायचा खड्डा तेवढा राहिला. तो बुजवायला बाबांनी कोणाला हात लावू दिला नाही. घमेल्यानं माती आणायची, पायानं कड चाचपायची आणि ओतायची.

"भरला का वं, पोरी?"

खड्डा केव्हाच भरला होता. माती जमिनीवर पसरत होती. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"थोडा राहिला, बाबा," मी म्हटलं.