कंग्राळीतली धसकटं

आमच्या कॉलेजला मैदान नव्हतं. जोंधळा निघाला, की आम्ही कंग्राळीच्या एका शेतात अनवाणी पळायचो. शेतकऱ्याला आम्ही अण्णा म्हणायचो. नाव कधी विचारलं नाही. आम्ही पोचायच्या आत ते बांधालगतच्या पट्ट्यातली धसकटं उपटून ठेवत, पायांत घुसू नयेत म्हणून. एकदाच म्हणाले, "एवढं मोठं कॉलेज, आन् पळायला हातभर जागा न्हाय व्हय रं?"

पुढच्या वर्षी कॉलेजनं मैदान घेतलं. चुन्याच्या रेघा बघून आम्ही हरखलो. अण्णांना कळवायचं कुणालाच सुचलं नाही.

सुगीनंतर मी सहज तिकडं गेलो. शेतभर धसकटं तशीच उभी होती. आमचा पट्टा तेवढा साफ होता.

मी चपला काढल्या आणि एकटाच पळालो. बांधावर कुणी नव्हतं.