संध्याकाळी बंद पडणारा डबा

बाबांचा आवाज नागपूरला गेला, ऑपरेशनमध्ये. घशात गाठ होती, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, त्याबद्दल मी आजही मनातल्या मनात त्या डॉक्टरांच्या पाया पडतो. पण आमच्या मेडशी गावाच्या आसपास जयंतीची गायन पार्टी ठरवायची म्हटलं की पहिलं नाव ज्यांचं निघायचं, त्यांना आता पाणी मागायलाही हाताने खूण करावी लागते. गळ्याला भोक आहे, त्यातूनच श्वास चालतो. वर पांढरा दुपट्टा गुंडाळलेला असतो.

मी पुण्याजवळ असतो. नववीतच शाळा सोडून इकडे आलो आणि कॅमेरे, इंटरनेटच्या वायरी बसवणाऱ्या एका दुकानात लागलो. इंग्रजी वाचता यायचं नाही तेव्हा मालकांनी वायरींच्या रंगांवरून काम शिकवलं, एकदाही हाकलून दिलं नाही. माझी सगळी विद्या ती एवढीच. तरी दुसऱ्याच्या घरी काम करताना आपल्यामुळे काही जळेल, बिघडेल असं सारखं वाटतं.

बाबांची गाणी एकाच ठिकाणी होती, भावाच्या जुन्या मोबाइलमध्ये. विहारातली, लग्नांतली, कोणी कोणी समोर उभं राहून घेतलेली. तो मोबाइल तापायचा, मधेच बंद पडायचा, कधी चालू व्हायचा, कधी नाही. तो गेला असता तर बाबांचा आवाज दुसऱ्यांदा गेला असता, आणि या खेपेला कोणता डॉक्टर नव्हता. मालकांना हे सांगितलं तर त्यांनी कपाटातून एक वापरलेला स्टोरेजचा डबा काढून दिला. "घेऊन जा. यात दोन हार्ड डिस्क आहेत, एक बिघडली तरी दुसरीवर सगळं राहतं. घरच्या राऊटरला जोड. घरच्यांना टीव्हीवर ऐकता येईल, तुला इथून."

सोयाबीन निघाल्यावर रजा घेऊन गेलो. डबा टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवला, वायर लावली, हिरवा दिवा लागला. पण मोबाइलवर बघतो तर डबा सापडेचना. पुन्हा चालू केला, वायर बदलली, सगळं पहिल्यापासून केलं. तेच. कपाळाला घाम आला. वहिनी चहा घेऊन दारात उभी.

"भाऊजी, लोकाइच्या घरी बी असंच करता काय?"

"हो."

"मंग चहा तरी पाजतात काय तुमाले?"

बाबा पलंगावर बसून हसले. आवाज नव्हता, फक्त खांदे हलले. मला बरं वाटलं.

खोट लवकर सापडली नाही, पण सापडली. आमच्या घरात राऊटर दोन होते. एक नेटवाल्याने लावलेला, आणि मागच्या खोलीत रेंज पोचावी म्हणून भावाने बाजारातून आणलेला दुसरा. डबा मी दुसऱ्याला जोडला होता आणि माझा मोबाइल पहिल्यावर होता. एका घरात दोन चुली मांडल्यासारखं झालं होतं, एकीवर काय शिजतंय ते दुसरीला माहीत नाही. वायर काढून पहिल्या राऊटरला लावली तसा डबा लगेच दिसला. मग गाणी उतरवायला घेतली. जुना मोबाइल तापला की वहिनी तो फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची, थंड झाला की पुन्हा सुरू. असं करत करत सगळी गाणी डब्यात गेली. पुढे थोड्याच दिवसांत तो मोबाइल कायमचा बंद पडला. म्हणजे आता जे काही होतं ते त्या डब्यातच.

निघताना मी वहिनीला सांगितलं, "रोज संध्याकाळी टीव्हीवर बाबांना गाणी लावत जा. जीव रमेल त्यांचा." बाबा समोरच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून अंगणात गेले. मला वाटलं, भरून आलं असेल.

पुण्यात आल्यावर कामावरून सुटलो की रोज डबा उघडून पाहायचो. संध्याकाळी कधीच लागायचा नाही. सकाळी लागायचा. पहिल्यांदा वाटलं, राऊटर डब्याला दर वेळी नेटवर्कमधला नवा पत्ता देत असेल. वहिनीला फोनवर एकेक बटण सांगत पत्ता कायमचा बांधून घेतला. तिने बिचारीने स्वयंपाक सोडून सगळं केलं. संध्याकाळी पुन्हा तेच. मग वाटलं, लाईट जात असेल. भावाला सांगून राऊटर आणि डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतले. तरी तेच. वायर उंदराने कुरतडली असेल म्हणून तीही बदलायला लावली. मला झोप लागेना. डबा नीट बंद न करता वीज तोडली की डिस्क खराब होऊ शकते, हे मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगत आलो होतो.

मालक म्हणाले, "अख्ख्या गावाचे कॅमेरे चालवतोस आणि घरचा एक डबा चालेना होय रे?" हसले, पण नंतर शेजारी बसून डब्याच्या आतली नोंद कशी वाचायची ते दाखवलं. त्यात रोज संध्याकाळी एकच गोष्ट दिसत होती, वीज अचानक गेली. आणि त्या वेळी तर वहिनी त्याच वायफायवर माझ्याशी व्हिडिओ कॉल करत असायची. त्याच बोर्डावर राऊटर चालू आणि डबा बंद. लाईट जातच नव्हती.

मी फोन लावला. "वहिनी, बोर्डावरचं डब्याचं बटण कोणी बंद करतं का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "मामाजी करतेत." मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे बाबा. "मी टीव्ही लावाले गेली की आधीच जाऊन बटन दाबतेत. सकाळी मीच चालू करते."

"मग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी एवढ्या लांबून जीव काढून राह्यले, कसं सांगू? अन् त्याइनं मले हात जोडले, भाऊजी. सासऱ्यानं हात जोडल्यावर मी काय करू?"

"पण कायले बंद करतेत?"

"तुमाले मालूम नाई. पार्टीतले ढोलकीवाले काका गेले तवा तुमी तिकडंच होते. त्याइच्या पुण्यानुमोदनाले आपल्याच घरचा स्पीकर नेला होता. फोटोपुढं मेणबत्त्या, अन् काकाचीच ढोलकी लावलेली. मामाजी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते. आता घरात मामाजीचंच गाणं लागलं, तं पहिल्याच दिवशी त्याइनं भितीवरच्या गेलेल्या माणसाइच्या फोटोइकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. छातीवर बोट ठोकलं. म्हंजे, मी हाय ना अजून."

आमच्याकडे माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन होतं, त्रिसरण-पंचशील म्हणतात, गेलेल्याच्या चांगल्या गोष्टी सांगतात. तो गाणारा-वाजवणारा असेल तर त्याचं रेकॉर्ड लावतात. हे मला माहीत होतंच. तरी मी बाबांना रोज संध्याकाळी त्यांच्याच पुण्यानुमोदनाला बसवत होतो, आणि लागत नाही म्हणून वायरी बदलत होतो.

"फोन त्यांच्या कानाला लावा," मी म्हणालो. "बाबा, गाणी कोणी लावणार नाही. पण डबा चालू राहू द्या. असं बटण दाबत गेलं तर एक दिवस आत काहीच उरणार नाही."

फोन परत घेऊन वहिनी म्हणाली, "हातानं विचारून राह्यले. कायले पायजे म्हंतेत."

याचं खरं उत्तर एकच होतं आणि ते त्यांना तोंडावर कसं सांगणार? मी एवढंच म्हणालो, "मले पायजे, बाबा."

"मान हालवली," वहिनी म्हणाली. "पण गाणी टीव्हीवर आणनारी वायर काढून घ्या म्हंतेत."

ती तिने त्याच दिवशी काढली. आता डबा संध्याकाळीही लागतो. पुण्यातल्या खोलीवर बसून उघडला की गाण्यांची नावं एकाखाली एक दिसतात, कोणत्या गावाला, कोणाच्या लग्नात. सगळी शाबूत आहेत. मी एकही लावलेलं नाही. बोट तिथपर्यंत जातं, मग वाटतं, मी लावलं तर मीही त्यांना फोटोत बसवल्यासारखं होईल. ज्यासाठी एवढं केलं ते हातात आहे, आणि ऐकायचा दिवस येऊ नये असंही वाटतं.

आजकाल मी फोन केला की वहिनी तो त्यांच्या हातात देते. पलीकडून गळ्यातून आत-बाहेर होणारी हवा ऐकू येते, जरा खरखरीत, घाईची. मी बोलत राहतो, आज कुठे वायर ओढली, जेवणाच्या डब्यात कोणती भाजी होती, मालक काय म्हणाले. ते कधी फोन ठेवतात ते कळत नाही. नुसती हवा थांबते. मग मी लगेच पुन्हा लावतो.