उतारावर इंजिन चालू

काकांनी माझ्या गॅरेजसमोर गाडी थांबवली तेव्हा त्यांचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. डावा क्लचवर हवा होता, तो उजव्याच्या मदतीला गेलेला. त्यामुळे गाडी हिसका देऊन बंदच पडली. काकू खिडकीतून म्हणाल्या, "पाह्यलं? मूर्तिजापूरपासून असंच चालू आहे. एक म्हैस आडवी आली तं हे सीटवरून उभेच झाले."

"गुडघा आयकत नाई आता," काका म्हणाले. "ब्रेकचं ते बूस्टर म्हणतात ना, ते बसव बरं तू."

ही काकांची जुनी मेटॅडोर. अमरावतीत त्यांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा होता. बांबू, कनाती, खुर्च्या सगळं हिनेच वाहिलं. धंदा बंद केल्यावर लोकांनी गाडी भंगारात काढा म्हणून सांगितलं, तर काकांनी आत लाकडी दिवाण ठोकून घेतला, शेगडी बसवली, पाण्याचा कॅन बांधला आणि उरलेल्या कनातींचे लाल-पिवळे पडदे लावले. हल्लीची मुलं तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. महिन्या-दोन महिन्यांनी दोघं त्यात बसून कुठेतरी जाऊन येतात. पण तिच्या काळात अशा गाडीच्या ब्रेकला इंजिनाची मदत नसे. पायात जोर असेल तेवढाच ब्रेक.

मी मूळचा कोकणातला. आठवीतून शाळा सुटली आणि गाववाल्याच्या ओळखीने अमरावतीच्या एका गॅरेजात येऊन पडलो. पहिल्याच उन्हाळ्यात कावीळ झाली. मालक म्हणाला, घरी जा. घर होतं कुठे, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. काका त्या दिवशी गाडीच्या कामाला आले होते. त्यांनी मला कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवं केलं आणि सरळ आपल्या घरी नेलं. काकूंनी बिनतेलाचं, बिनतिखटाचं वेगळं रांधून घातलं. माझ्या आईला त्यांनीच फोन लावला. "पोरगं आमच्यापाशी आहे, तुमी रडू नका," म्हणाल्या आणि स्वतःच रडल्या. पुढे अकोल्याला जठारपेठेत गॅरेज टाकलं तेव्हा नारळही काकांनीच फोडला. या दोघांपुढे माझ्या तोंडून 'नाही' कधी निघालं नव्हतं.

बूस्टर बसवायला मी होकार दिला आणि कामाला लागलो. डिझेल इंजिनाला बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप लागतो, म्हणून पाठीला पंप असलेला अल्टरनेटर आणला. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही बूस्टरला जुळणारा, मोठा टाकला. यातलं तत्त्व साधं आहे. इंजिन फिरलं की पंप हवा ओढतो आणि त्या ओढीने बूस्टर पायाला जोर देतो. इंजिन बंद केलं की आत उरलेल्या ओढीवर एक-दोन ब्रेक लागतात. मग पेडल पूर्वीपेक्षाही जड.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला पेडल दाबायला एक माणूस लागतो. काका चहाला गेले होते, तर काकूच पदर खोचून वर चढल्या. मी चाकापाशी पान्हा घेऊन बसलो.

"दाबा. धरून ठेवा. सोडा."

"हे तं दगड आहे रे बाप्पा!"

"इंजिन बंद आहे ना काकू. चालू केलं की लोणी."

"आन् चालता चालता बंद झालं तं?"

मला घाट आठवला.

मांडवाच्या दिवसांत चिखलदऱ्याला लग्नाची कामं असायची. परत येताना माथ्यावर काका डॅशखालचा खटका ओढून इंजिन बंद करायचे, गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचे आणि तशीच खाली सोडायचे. डिझेल वाचतं, म्हणायचे. कितीतरी ड्रायव्हर करतात. मीही तेव्हा शेजारी बसून असायचो. नुसता वाऱ्याचा आवाज, सागाची झाडं मागे पळणारी. फार छान वाटायचं. तेव्हा इंजिन चालू असो की बंद, पेडल सारखंच लागायचं. आता तसं राहिलं नव्हतं, आणि ते मी माझ्या हातांनी बदललं होतं.

काका आले तेव्हा मी सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, हात पुसत पुसत पुटपुटलो, "काका, आता उतारावर इंजिन चालूच ठेवलं तर बरं पडेल."

"काहून?"

मी पंप, ओढ, सगळं समजावलं. ते हसले. "तुले गिअर टाकाले कोनं शिकवलं बे?"

"तुम्हीच."

"मंग?"

तरी दुसऱ्या दिवशी त्यांना बार्शीटाकळीच्या रस्त्याला एका मोकळ्या उतारावर नेलं. म्हटलं, स्वतःच बघा. त्यांनी खटका ओढला. गाडी घरंगळू लागली. त्यांनी ब्रेक दाबला, वेग कमी झाला. पुन्हा दाबला, गाडी अलगद उभी राहिली.

"पाह्य! थांबली का नाई? लेका, तू भेतो लय."

"अजून दोनदा दाबून बघा ना."

"उभ्या गाडीले कायले दाबू? चाल, भूक लागली."

दाखवायला गेलो ते उलटंच झालं. आता तर त्यांना खात्री पटली होती. पुढच्या आठवड्यात चिखलदऱ्याला जायचं ठरलं. नवं काम आहे, नजर ठेवायला हवी, असं सांगून मी गॅरेज बंद केलं आणि अमरावतीहून त्यांच्याबरोबर निघालो. खरं कारण बायकोलासुद्धा नीट सांगितलं नाही.

वर जाताना काका खूश होते. "बोटानं दाबलं तरी थांबते," असं दर वळणाला म्हणत होते. काकूंनी वर शेगडीवर चहा केला, दरीच्या कडेला बसून आम्ही तो प्यायलो. मला त्याची चव लागली नाही.

परतीला मी मागे दिवाणावर, पुढच्या दोन सीटच्या मधोमध सरकून बसलो. माथा आला. काकांनी गाडी न्यूट्रल केली आणि सवयीने हात डॅशखाली नेला. खटक्यावर काकूंचा तळहात आधीच होता.

"हात काढ."

"नाई काढत."

"अवं, डिझल फुकट जाऊन राहिलं."

"जाऊ द्या. तेरवीच्या जेवनापेक्षा सस्तं पडते."

मला हसू फुटलं, आणि तेच चुकलं. काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "हे तू शिकवलं हिले?"

शिकवलं नव्हतं. त्या स्वतः पेडल दाबून समजल्या होत्या. पण मी म्हटलं, "हो. आणि खटका ओढायचा नाही काका. गिअर टाका." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी खाडकन गिअर टाकला. इंजिन घुमलं, गाडी दबत दबत उतरू लागली. काकूंनी परतवाड्यापर्यंत हात काढला नाही. काका परतवाड्याला उतरून एकटेच पानठेल्यावर गेले आणि पुढे अमरावतीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. घरात शिरताना मी पाया पडलो तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला नाही, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

मग काकांचे फोन बंद झाले. मी लावला की काकू उचलायच्या, काका झोपलेत म्हणायच्या, आणि मागे त्यांचं खोकणं ऐकू यायचं. मला सारखं वाटायचं, ज्यांनी उचलून घरात घेतलं त्यांनाच मी गाडीतून हुकूम सोडला. आणि लगेच दुसरं वाटायचं, काकूंना डुलकी लागली तर? हात निसटला तर?

परवा काकूंचा फोन आला, "आमी वर चिखलदऱ्याले आलो दोघं. उद्या उतरतो." मला विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्षच नव्हतं. एका गाडीचे नट मी दोनदा कसले. दुपारी फोन वाजला. काकांचा होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"उतरलो. इंजिन चालूच होतं. आता डिझलचे पैसे तुह्या बापाले मागतो."

तिथेच गप्प बसायला हवं होतं. माणूस स्वतःहून बोलला होता. मी म्हटलं, "काकूंना द्या ना जरा."

पलीकडे गाडीचं दार धाडकन आपटलं. मला वाटलं, ठेवला. मग काकूंचा आवाज आला.

"चालू होतं रे बाप्पा. मी हात नाई ठेवला यावेळी. सारा घाट इंजिनाले कान लावून बसली होती."

"काका रागावले?"

"रागावले ना. पन उतरले."